मला, ननगे, मुझे

गणपतीला मोदक आवडतो. या वाक्यात कर्ता कोण?

प्रश्न दिसायला साधा आहे, पण बी. ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात तो टाकला की तास संपेपर्यंत पुरतो. शाळेतली युक्ती मुलांना पाठ असते. धातूला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण’ असं विचारायचं. गणपती मोदक खातो. खाणारा कोण? गणपती. झाला कर्ता. आता गणपतीला मोदक आवडतो. आवडणारा कोण? उत्तर येतं, मोदक! म्हणजे कर्ता मोदक, आणि गणपती बिचारा ‘ला’ प्रत्यय लावून बाजूला बसलेला. मग मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, “पण मॅडम, आवडतंय गणपतीला ना? मोदकाला काय त्याचं?”

आमच्या वर्गात निम्मी मुलं घरी कानडी बोलणारी. त्यातली एखादी मुलगी म्हणते, “आमच्यातपण तसंच आहे मॅडम. गणपतिगे मोदक इष्ट.” तिथंही ‘गे’ लागलाच. गणपती काही केल्या प्रथमेत येत नाही.

तुम्ही म्हणाल, घरच्या पानावर हे व्याकरण कशाला? पण हा प्रश्न नुसता परीक्षेचा नाही. घरात कोण कुणाला काय बोललं आणि ते कुणाच्या मनाला का लागलं, याच्याशीही त्याचा संबंध आहे. तो कसा, ते सांगण्यासाठीच आज लिहायला बसले.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाची शंका फार जुनी आहे. पाणिनीने क्रियेत भाग घेणाऱ्यांची सहा कारकं सांगितली. करणारा, ज्याच्यावर क्रिया होते तो, जिच्या साहाय्याने होते ती वस्तू, ज्याच्यासाठी होते तो, जिथून ती सुरू होते ती जागा, आणि जिथे होते ते ठिकाण. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता, असं त्याचं म्हणणं. पण आवडण्याच्या क्रियापदांसाठी त्याने वेगळा नियम केला. ज्याला आवडतं, तो तिथे कर्ता धरायचा नाही, संप्रदान धरायचं, म्हणजे त्याला चतुर्थी लागते. गंमत अशी की या नियमाचं उदाहरण म्हणून जुन्या टीकाकारांनी देवदत्ताला मोदक आवडण्याचंच वाक्य दिलं आहे. संस्कृत व्याकरणातही मोदकाचा मान आहे तो असा!

पुढे १९६८ साली चार्ल्स फिलमोर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने हीच गोष्ट आपल्या पद्धतीने मांडली. वाक्यातला कर्ता वेगळा आणि घडलेल्या गोष्टीतली माणसाची किंवा वस्तूची भूमिका वेगळी. आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. ‘आईने किल्लीने कुलूप उघडलं.’ ‘या किल्लीने कुलूप उघडतं.’ ‘कुलूप उघडलं.’ तिन्ही वाक्यांत कुलपाचं नशीब एकच, ते उघडलं जातं. पण शेवटच्या वाक्यात आई नाही, किल्ली नाही, नुसतं कुलूप कर्ता होऊन बसलं आहे. त्याने केलं मात्र काहीच नाही. म्हणजे वाक्यातली खुर्ची एक आणि तिच्यावर बसणारे अनेक. कधी करणारा बसतो, कधी भोगणारा, तर कधी नुसती वस्तू.

आपल्या भाषांची खासियत ही, की भोगणाऱ्याला त्या खुर्चीवर बसवण्याची त्या घाई करत नाहीत. मला भूक लागते, थंडी वाजते, राग येतो, आठवण येते, झोप लागते. कानडीत ननगे हसिवागुत्तदे, ननगे सिट्टु बरुत्तदे, ननगे निद्दे बरुत्तदे. हिंदीत मुझे भूख लगती है, मुझे ग़ुस्सा आता है, मुझे नींद आती है. भाषासुद्धा आपल्याला ‘येते’. मला कानडी येते, ननगे कन्नड बरुत्तदे, मुझे हिंदी आती है. मी भाषा ‘जाणतो’ असं छाती काढून न म्हणता, ती पाहुण्यासारखी माझ्याकडे येते, असं म्हणायची ही रीत. मराठी आणि हिंदी एका कुळातल्या, कानडी अगदी वेगळ्या द्राविड कुळातली. तरी ‘मला’ आणि ‘ननगे’ सख्ख्या बहिणींसारख्या वागतात. कॉलिन मसिका या अभ्यासकाने १९७६ साली भारतीय उपखंडातल्या भाषांच्या सामायिक खुणा गोळा केल्या, त्यात या ‘मला’च्या वाक्यांचा समावेश आहे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. जर्मन माणूस थंडी वाजली की ‘मला थंड आहे’ अशाच अर्थाचं बोलतो, स्पॅनिश माणसाला एखादी गोष्ट ‘आवडते’ ती आपल्यासारखीच. इंग्रजीतही पूर्वी अशी वाक्यं होती. शेक्सपियरच्या नाटकांत ‘मीथिंक्स’ भेटतं, ते ‘मला वाटतं’चंच भावंड. पुढे इंग्रजीने सगळ्यांना ‘आय’च्या खुर्चीवर बसवलं.

मग ‘मला’वाला माणूस वाक्यात पाहुणाच समजायचा का? तसंही नाही. ‘घरी येऊन त्याला झोप लागली.’ घरी कोण आलं? झोप नव्हे, तो आला. ‘त्याला आपल्या आईची आठवण येते.’ आपल्या म्हणजे कुणाच्या? त्याच्याच. क्रियापद आठवणीच्या मागे जातं, पण ‘येऊन’ आणि ‘आपल्या’ हे दोघे त्या माणसाला ओळखतात. खुर्ची दिली नाही तरी घर कुणाचं आहे, हे वाक्याला ठाऊक असतं. मागच्या बाकावरच्या मुलाला नेमकं हेच जाणवलेलं असतं.

‘मला’त आपण तिघं एक, पण ‘ने’पाशी आपली वाट वेगळी होते. मराठीत ‘त्याने भाकरी खाल्ली, तिने भाकरी खाल्ली.’ खाणारा बदलला तरी क्रियापद भाकरीकडे बघत राहतं. हिंदीतही ‘उसने रोटी खाई’. कानडीला हा प्रकारच मंजूर नाही. ‘अवनु रोट्टि तिंदनु, अवळु रोट्टि तिंदळु.’ क्रियापद खाणाऱ्याच्या मागून चालतं, रोट्टीला कुणी विचारत नाही. खुद्द प्रमाण मराठीही ‘मी’ आणि ‘तू’च्या बाबतीत थोडी डळमळते. त्यांना ‘ने’ लावत नाही, आणि ‘तू भाकरी खाल्लीस’मध्ये ‘ली’ भाकरीची, ‘स’ तुझा! एकाच क्रियापदाने दोघांची मर्जी राखलेली. व्याकरणात याला संकर प्रयोग म्हणतात.

आता आपल्या भागातलं बोलणं आठवा. ‘मी काम केलो’, ‘मी बघितलो’, ‘मी त्याला सांगितलो’. पुण्याचे पाहुणे यावर हसतात. पण यात अडाणीपणा नाही, हिशेब आहे. क्रियापद करणाऱ्याच्या मागे न्यायचं ही कानडीची शिस्त मराठी शब्दांना लावली, एवढंच. दख्खनी उर्दू बोलणारे आपले शेजारीही ‘मैं रोटी खाया’ म्हणतात. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गावाचं नाव ‘कुपवार’ असं आहे. तिथं कानडी, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होत्या. त्यांना दिसलं ते असं, की शब्द ज्याच्या त्याच्या भाषेचे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावं. आपण रोज जगतो ते त्यांनी कागदावर मांडलं.

वर्गात हे सगळं शिकवायला छान वाटतं. पण ‘मला’ आणि ‘ने’ यांच्यातलं अंतर केवढं असतं, ते मी पाहिलं इंदूरला, आत्याकडे.

माझी आत्या बेळगावची. माहेर मराठी, पण गल्लीत, दुकानात, मैत्रिणींत कानडी. विसाव्या वर्षी लग्न होऊन इंदूरला गेली, ती बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत. होळकरांमुळे इंदुरात मराठी घरं पुष्कळ, तरी रस्त्यावरची भाषा हिंदीच. आता तिचं वय एक्क्याऐंशी. राजवाड्याच्या पश्चिमेला, विमानतळाकडे जाताना हा बडा गणपतीचा चौक लागतो. देवळातली मूर्ती सुमारे २५ फूट उंच, शेंदरी, समोर उभं राहिलं की मान वर करावी लागते. विटा, चुना, गूळ, मेथीदाणे आणि सात पवित्र नगरांची माती कालवून ती घडवली, असं सांगतात. आणि देवळाची कथा सुरू होते ती स्वप्नापासून. उज्जैनच्या एका दाधीच गृहस्थांना गणपतीचं स्वप्न पडलं आणि त्यांनी हे मंदिर बांधलं.

हे वाक्य पुन्हा वाचा. ‘त्यांना’ स्वप्न पडलं, ‘त्यांनी’ मंदिर बांधलं. माणूस तोच. स्वप्नापुढे तो घेणारा, बांधकामात तो करणारा, आणि भाषेने दोन्ही वेळा त्याला वेगळा वेश दिला. देवळात ही कथा हिंदीत कानावर येते तेव्हा ‘सपना आया’ असं असतं. हिंदीत स्वप्न येतं, मराठीत पडतं, आणि कानडीत? ‘कनसु बित्तु’, तिथंही ते पडतंच! मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती खुदकन हसली. म्हणाली, “अगं, मला इथं येऊन इतकी वर्षं झाली, पण अजून स्वप्न पडतंच हो. येत नाही.”

हसरी आत्या. पण या वेळी घरात शिरल्या शिरल्या काहीतरी तंग आहे, हे कळलं. गेल्या वर्षापासून तिला विस्मरण होऊ लागलं आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. त्या वेळेवर जायला हव्यात, आणि ती जबाबदारी वहिनीची. वहिनी देवासची, घरची भाषा हिंदी. सासूचं सगळं मनापासून करते. सकाळी आठला ती पाकीट हातात घेऊन आली आणि म्हणाली, “मम्मीजी, आपने कल रात की गोली फिर नहीं ली.”

“घेतली मी,” आत्या म्हणाली.

“ये देखिए, वैसी ही रखी है. आपने नहीं ली.”

आत्या गप्प झाली. चहा तसाच राहिला. दादा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, “आई, निदान खोटं तरी बोलू नकोस गं.” मग आत्या उठून आत गेली ती जेवायलाही बाहेर येईना. दुपारी मी तिच्याजवळ बसले तेव्हा हळूच म्हणाली, “मला आठवत नाही गं. आठवत नाही, म्हणजे मी खोटं बोलले असं होतं का?”

तिच्या एका वाक्यात सगळं आलं. घरच्यांनी तिला ‘ने’ लावला होता. तू घेतली नाहीस, म्हणजे तू करणारी आणि न करणारीही तूच. ती मात्र ‘मला’त उभी होती. तिच्या दृष्टीने तिने काही केलंच नव्हतं, तिच्याकडून काहीतरी निघून गेलं होतं. गंमत बघा, मराठीत ‘विसरणे’ सकर्मक असूनही ‘तिने विसरलं’ असं आपण म्हणत नाही, ‘ती विसरली’ म्हणतो. अशी थोडीच क्रियापदं आहेत. ती शिकली, ती चहा प्याली, ती साडी नेसली. यांत केलेल्या गोष्टीचं फळ करणाऱ्याच्याच अंगाला लागतं. हिंदीतही ‘भूल गई’ला ‘ने’ नाही. तो लागतो ‘भुला दिया’ला, म्हणजे मनावर घेऊन विसरण्याला. भाषांना हा फरक केव्हाचा ठाऊक आहे. विसरून गेलेलं माणूस आणि विसरून टाकणारं माणूस एक नव्हे.

संध्याकाळी आत्या बाहेर आली. काही शोधत होती, सापडेना, तेव्हा स्वतःशीच पुटपुटली, “मरेतुहोयितु.” वहिनीने मला विचारलं, “क्या बोलीं मम्मीजी?” मी सांगितलं, लहानपणची कानडी आहे. ‘ननगे मरेतुहोयितु’, मला विसरून गेलं, आपोआप निघून गेलं. वहिनी जरा थांबली. मग म्हणाली, “हमारे यहाँ भी कहते हैं ना, मुझसे छूट गया.”

मला हिंदीला नावं ठेवायची नाहीत. उलट वाट काढली ती हिंदीनेच. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नववीतली भाची पाकीट घेऊन आत्याकडे गेली आणि म्हणाली, “आजी, रात की गोली रह गई.”

“राहिली का? आण,” आत्या म्हणाली. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी सांगितलं तसं केलं. भांडण नाही, चहा गार झाला नाही. वाक्यात कर्ता होती ती गोळी. ती राहिली होती. कुणी राहवली, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर कुणालाच नको होतं. हवं होतं ते गोळी पोटात जाणं. वहिनीने हे दारातून पाहिलं. मी निघेपर्यंत तिच्या तोंडीही ‘रह गई’ रुळलं होतं. आत्याचं विस्मरण त्याने थांबलं नाही, थांबणारही नाही. पण रोज सकाळी तिच्यावर होणारा आरोप थांबला.

तरी या खुर्चीचा गैरफायदाही तेवढाच सोपा आहे, हे सांगितलं नाही तर लेख एकांगी होईल. ‘फाईल सापडत नाही’, ‘उशीर झाला’, ‘रस्ता खराब झाला’ ही वाक्यंही त्याच घडणीची. सरकारी टेबलासमोर उभं राहून ती आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. फाईल स्वतः चालत गेली नाही, कुणीतरी ती हलवली. तिथं ‘कुणी?’ असं विचारायलाच हवं. धडधाकट माणूस स्वतःला ‘ला’मागे लपवतो तेव्हा त्याला खुर्चीवर बसवणं हे नागरिकाचं काम आहे.

आणि या दोन्हींच्या मधली एक जागाही आपल्या तिन्ही भाषांनी राखून ठेवली आहे. कप खाली पडला, तर ‘मी कप फोडला’ हे खरं नाही, कारण तसं मनात नव्हतं. ‘कप फुटला’ ही पळवाट. त्यापेक्षा ‘माझ्या हातून कप फुटला’. हिंदीत ‘मुझसे कप टूट गया’, कानडीत ‘नन्निंद कप ओडेदुहोयितु’. हेतू नव्हता, पण हात माझाच होता. एवढं प्रामाणिक वाक्य लहान मुलाला शिकवायला किती सोपं आहे! कप फुटल्यावर ‘कुणी फोडला?’ असं ओरडून विचारलं की मूल म्हणतं, ‘मी नाही’. ‘तुझ्या हातून फुटला का रे?’ असं विचारलं की बहुतेक वेळा मान हलते.

ज्या घरांत आई एका भाषेत रागावते आणि आजी दुसऱ्या भाषेत समजूत घालते, त्या आपल्यासारख्या घरांतल्या मुलांना ही वाक्यं दोन-दोन, तीन-तीन भाषांत आयती मिळतात. ‘मी केलो’वर कुणी हसलं तर हसू दे. केलं त्याला ‘केलो’ म्हणणारा माणूस निदान स्वतः खुर्चीवर बसायला तयार असतो. फक्त म्हाताऱ्या माणसाशी बोलताना तेवढं पाहावं, की त्याच्याकडून निसटलेल्या गोष्टीला आपण ‘ने’ लावत नाही ना.